चार किलोंचे ओझे आणि बीदरची वाट

आमच्या थोरल्या बंधूंच्या पडवीत तराजू आहे. पहाटे बाजारास जाणारी वांगी, दुधी व केळी त्यावर तोलली जातात. गेल्या एप्रिल महिन्यात एके सायंकाळी त्याच तराजूवर एक लॅपटॉप ठेवण्यात आला आणि घरातील लहानथोर सारे काट्याकडे पाहत उभे राहिले. यंत्राचे वजन २ किलो ४०० ग्रॅम भरले. बंधूंनी मग त्याचा विटेएवढा चार्जर पारड्यात ठेवला. तो ८०० ग्रॅमचा निघाला. पिशवी, माऊस व वायरी धरून काटा ३ किलो ९०० ग्रॅमवर स्थिरावला.

"आणि किंमत?" बंधूंनी विचारले.

"एक लाख दहा हजार," पुतण्याने खाली पाहत सांगितले.

बंधू काही बोलले नाहीत. विहिरीवरील पंप बदलावा व मळ्यापर्यंत नवा नळ घालावा, याकरिता त्यांनी तीन वर्षांत ९०,००० रुपये बाजूस ठेविले होते, हे आम्हांस ठाऊक होते. मुलगा वास्तुशास्त्राची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला. जुन्या इमारतींची मोजमापे व चित्रे घेणाऱ्या एका मंडळींकडे त्यास काम मिळाले होते. काम बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत फिरून करावयाचे आणि लॅपटॉप ज्याचा त्याने आणावयाचा, अशी अट होती. तराजूवरचे यंत्र त्याच्या मित्राचे. आठ दिवस वापरून पाहण्यास त्याने दिलेले. अगदी असेच यंत्र घ्यावे, असे पुतण्याच्या मनात होते.

"फादर, तुम्ही त्या मुलखात जाणारच आहात," बंधू आम्हांस म्हणाले. "त्याला बरोबर न्या. यंत्रही न्या. परत आलात की मला एवढेच सांगा, पैसे कशात घालू?"

भालकीच्या एका परिचित शिक्षकांचे आम्हांस निमंत्रण होते. पुतण्यासही तेथील काही वास्तू कामापूर्वी पाहून घ्यावयाच्या होत्या. आम्ही आमचा स्वतःचा लहान लॅपटॉप बरोबर घेतला. तो १ किलो २५० ग्रॅमचा, आत पंखा नसलेला, लेखन व नोंदवह्यांच्या कामास चार वर्षे पुरलेला. अशा रीतीने एकाच्या खांद्यावर बळ व दुसऱ्याच्या खांद्यावर हलकेपणा अशी आमची जोडी निघाली.

मुंबईहून बीदरकडे जाणारी गाडी रात्री निघते. पुणे, कुर्डुवाडी, धाराशिव, लातूर ही स्थानके मागे टाकून ती दुसऱ्या दिवशी उदगीरास येते. उदगीर महाराष्ट्रात, त्यापुढील कमलनगर कर्नाटकात. फलाटावरील पाटीची लिपी बदलते, डब्यातील बोलणे मात्र बदलत नाही. याचे कारण इतिहासात आहे. निजामाच्या हैदराबाद राज्यात बीदर हा एकच मोठा जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा त्याचे तीन वाटे पडले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, औराद व हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्राकडे गेले. कागदावर रेषा पडल्या, पण सोयरिकी, बाजार व देवघेव जेथल्या तेथेच राहिल्या.

गाडीत आम्ही पुतण्यास एक जुनी हकीकत सांगितली. १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बॉर्न १' नावाचा संगणक निघाला. बरोबर नेता येणारा संगणक म्हणून तो विकला गेला. त्याचे वजन होते सुमारे ११ किलो, पडदा होता ५ इंचांचा, आणि वीज भिंतीतील प्लगातूनच घ्यावी लागे. तरी लोकांनी तो आनंदाने उचलला. कारण तोवरचे यंत्र उचलताच येत नसे. पुढे २००८ साली 'मॅकबुक एअर' हे १.३६ किलोचे यंत्र कागदाच्या लिफाफ्यातून बाहेर काढून दाखविण्यात आले, तेव्हा जगास नवल वाटले. परंतु आरंभीच्या त्या पातळ यंत्रांत बळ बेताचे होते. हलके हवे तर दुबळे घ्या आणि बलवान हवे तर हमाली करा, असा तिढा पुष्कळ वर्षे राहिला. तो आता बराच सैल झाला आहे, सुटलेला मात्र नाही. तो कोठे अडतो, हेच आम्हांस आठ दिवसांत पाहावयाचे होते.

भालकीस उतरलो तेव्हा ऊन चढले होते. शिक्षकांच्या घरी चौसोपी वाडा नाही, पण पुढे प्रशस्त ओसरी आहे. घरात मराठी, मुलांच्या शाळेत कन्नड, बाजारात जरूर पडेल तशी दखनी उर्दू. एकाच माणसाच्या तोंडून तिन्ही भाषा सहज वाहताना ऐकून आम्हांस हेवा वाटला. दुपारी वीज गेली. ती केव्हा येईल ते कोणी विचारलेही नाही, इतकी ती सवयीची गोष्ट दिसली.

दोन्ही यंत्रे पूर्ण भरलेली होती. पुतण्याने मोठ्या यंत्रावर आदल्या महिन्यात काढलेल्या एका मंदिराची छायाचित्रे जुळविण्याचे काम लावले. हे काम असे असते: इमारतीची दोनतीनशे छायाचित्रे चहूबाजूंनी, एकमेकांवर थोडी चढतील अशी काढावयाची; मग संगणक त्यांतील समान खुणा शोधून त्यांपासून इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. गणित अफाट असते. यंत्राचे पंखे घोंघावू लागले आणि एक तास दहा मिनिटांत बॅटरी संपून पडदा काळा झाला. आमच्या यंत्रावर आम्ही लेखन करीत होतो. ते रात्री जेवणाच्या वेळेसही चालूच होते.

यात चमत्कार काही नाही. तिसरीतील भागाकार आहे. बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-तासांत लिहिलेले असते. मोठ्या यंत्राची बॅटरी ६० वॅट-तासांची, आणि जड कामात ते सुमारे ५० वॅट वीज ओढत होते; म्हणजे एका तासाहून थोडे अधिक. आमची बॅटरी ५० वॅट-तासांची, पण लेखनास ६ वॅटच पुरतात. म्हणजे आठ तास. दुकानात "बॅटरी दिवसभर चालते" असे सांगतात, तेव्हा 'कोणत्या कामात?' असे विचारावे आणि हा भागाकार स्वतः करावा. विमानाने जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी असलेले यंत्र विशेष परवानगीवाचून हातातील सामानात नेता येते. बहुतेक लॅपटॉप याच मर्यादेत बनविलेले असतात.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात शिक्षकांनी आम्हांस एक उपयुक्त गोष्ट दाखविली. पुतण्यास प्रत्येक वास्तूची नावे मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत नोंदवावयाची होती आणि त्याची त्यास धास्ती होती. शिक्षक म्हणाले, "इनस्क्रिप्ट शिका." १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेली ही कळफलकाची मांडणी आहे. स्वर डाव्या हातास, व्यंजने उजव्या हातास. आणि ज्या कळीवर देवनागरीतील 'क' आहे, त्याच कळीवर कन्नडमधील 'क' आहे, तेलुगूतीलही तोच. लिपी बदलली तरी बोट तेथेच पडते. ही सोय आजच्या प्रत्येक लॅपटॉपात आधीच असते, तिला निराळे पैसे पडत नाहीत. जुन्या पद्धतीच्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अनेकदा चिन्हांचा ढीग होऊन उमटतो. युनिकोडात लिहिलेला मजकूर सर्वत्र वाचता येतो, म्हणून नोंदी त्यातच कराव्यात. सीमेवर राहणाऱ्यांनी दोन लिपींचे ओझे किती हलके करून घेतले आहे, हे पाहून पुतण्याच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू दिसले.

तिसऱ्या दिवशी बीदरला आलो. तांबड्या मातीच्या पठारावर वसलेले हे नगर आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी आपली राजधानी कलबुर्गीहून येथे हलविली. नगराच्या मध्यभागी महमूद गावान याचा मदरसा आहे. इराणातील गीलान प्रांतातून आलेला हा वजीर विद्येचा मोठा चाहता. १४७२ साली त्याने ही तीन मजली विद्याशाळा उभारली. तिच्या दर्शनी भागावर निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरशा आजही काही ठिकाणी शिल्लक आहेत. १६९६ साली येथे साठविलेल्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा अंश एका मनोऱ्यासह कोसळला. उरलेला एकच मनोरा पाहत पुतण्या बराच वेळ उभा होता. आम्ही त्यास म्हटले, "जे एकाच ठिकाणी असते, ते एकाच क्षणी जाते. तुझ्या कामाची प्रत दोन ठिकाणी ठेव." तो हसला. दुसऱ्याच दिवशी ही गोष्ट त्यास निराळ्या रीतीने पटावयाची होती.

सायंकाळी बिदरी कामाच्या एका दुकानात गेलो. जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रणाची सुरई ओतावयाची, तिच्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवावयाची आणि मग किल्ल्यातील विशिष्ट मातीच्या लेपाने तिला काळी करावयाची. चांदी मात्र पांढरीच राहते, असे हे काम. वृद्ध कारागिराने आमचा लॅपटॉप कुतूहलाने हाती घेतला, तळहातावर तोलला आणि नखाने टिचकी मारून म्हटले, "ॲल्युमिनियम." मग आपली वीतभर सुरई आमच्या दुसऱ्या हातात दिली. ती लॅपटॉपाहून जड होती! जस्ताचा एक घन सेंटिमीटर सुमारे ७ ग्रॅमचा, ॲल्युमिनियमचा २.७ ग्रॅमचा आणि मॅग्नेशियमचा १.७ ग्रॅमचा. एक किलोच्या आसपासचे लॅपटॉप निघतात त्यांचे एक रहस्य हेच. त्यांची कवचे बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. हातास ती काहीशी प्लॅस्टिकसारखी लागतात, म्हणून गिऱ्हाईक त्यांस हलक्या प्रतीची समजते. धातू वाजवून पाहणाऱ्यास ही चूक होत नाही.

आम्ही उतरलो होतो तेथे रात्री लॅपटॉपास हात लावताच मुंग्या आल्यासारखे झाले. प्लगात अर्थिंग नव्हते. धातूचे कवच असलेल्या यंत्रास दोन पिनांच्या चार्जरने अशा ठिकाणी वीज दिली की चार्जरातून झिरपणारा अगदी अल्प प्रवाह कवचावर येतो. तो बहुधा अपायकारक नसतो, तथापि तीन पिनांची वायर व अर्थिंग असलेला प्लग शोधणे हेच बरे. झटका जोराचा असेल तर यंत्र तत्काळ प्लगापासून सोडवावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बीदरच्या पूर्वेस सुमारे ३ किलोमीटरवर असलेल्या अष्टूरास निघालो. बहमनी सुलतानांच्या कबरींचे घुमट तेथे माळावर एका रांगेत उभे आहेत. अहमदशहा वली याच्या कबरीच्या आतील छतावर व भिंतींवर रंगीत लेखन व वेलबुट्टी आहे. आत अंधार, आणि डोळे सरावले की सोनेरी व तांबडे रंग एकेक करून दिसू लागतात. पुतण्याने हवी ती परवानगी आधीच मिळविलेली होती. पावणेचार किलोंची पिशवी, कॅमेरा व पाण्याच्या बाटल्या घेऊन तो चालत आला होता. पोहोचला तेव्हा डावा खांदा चोळीत होता. दोन तासांत त्याने ३२० छायाचित्रे घेतली. मग दारातील सावलीत बसून मोठे यंत्र उघडले. एखादी बाजू राहून गेली नाही ना, हे जागेवरच जुळवून पाहावयाचे होते. यंत्राने काम आरंभिले आणि अर्धे होण्यापूर्वीच बॅटरी संपली. आदल्या रात्री प्लग सैल बसल्याने ती पुरती भरलीच नव्हती, हे मागाहून कळले. तो जड चार्जर पिशवीत होता, पण माळावर प्लग कोठून आणावा?

छायाचित्रे कॅमेऱ्याच्या कार्डावर शाबूत होती, म्हणून सर्वस्व गेले नाही. परंतु रात्री मुक्कामी परतून जुळणी केली, तेव्हा एका कमानीची आतील बाजू कोणत्याच छायाचित्रात नाही असे आढळले. प्रतिकृतीत तेथे भोक पडले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा अष्टूर, पुन्हा तीच पायपीट. कलबुर्गीची ठरविलेली गाडी हुकली. पुतण्या त्या रात्री जेवला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "फादरकाका, हे यंत्र खोलीत हत्ती आहे. पण मला काम तर त्या दारात बसून करायचे आहे."

आम्हांस वाटते, आठ दिवसांतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच. आम्ही मात्र त्यास लगेच दुजोरा दिला नाही. कारण आमच्या हलक्या यंत्राची परीक्षा अद्याप व्हावयाची होती.

बीदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीस जाणारा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग २०१७ साली पूर्ण होऊन खुला झाला. तत्पूर्वी या दोन शेजारी जिल्ह्यांत आगगाडीची सरळ वाट नव्हती. गाडी पठार उतरते तसतशी तांबडी माती मागे पडते आणि तुरीच्या शेतांची काळी जमीन लागते. येथील तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गुलबर्गा हे नाव आम्हां जुन्या माणसांच्या जिभेवर असले तरी २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी आहे. तेथील किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची. सुमारे २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद अशी ही वास्तू संपूर्ण छताखाली आहे. मध्ये उघडे अंगण नाही, हे तिचे वैशिष्ट्य. बाहेर पारा ४१ अंशांवर असताना आत कमानींच्या रांगांमध्ये गारवा होता.

तेथून भीमेच्या काठी असलेल्या सन्नतीस गेलो. १९८६ साली तेथील चंद्रलांबा देवस्थानातील एका मंदिराचे छत कोसळले आणि दुरुस्ती करताना मूर्तीच्या खालच्या शिळेवर सम्राट अशोकाचा लेख आढळला. जवळच कनगनहळ्ळी येथे मोठा बौद्ध स्तूप उत्खननात निघाला. त्यातील एका शिल्पपटावर राजाराणी असून ब्राह्मी लिपीत अशोकाचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षे उन्हापावसात टिकलेले ते लेखन पाहिले, आणि मग झाडाखाली बसून आमचे चार वर्षांचे यंत्र उघडले.

या वेळी २०० छायाचित्रांची जुळणी आमच्या यंत्रास दिली. पहिली दहा मिनिटे ते झपाट्याने चालले. नंतर कवच इतके तापले की मांडीवर ठेववेना; गती मंदावत गेली आणि तासाभराने काम जेमतेम तिसरा हिस्सा झाले होते. पंखा नसलेले यंत्र उष्णता कवचावाटे सोडते. हवाच तापलेली असली की ती सोडावयास जागा राहत नाही, आणि यंत्र स्वतःस वाचविण्यासाठी आपला वेग उतरविते. अनेक कारखानदार आपली यंत्रे १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावीत असे सांगतात. कलबुर्गीचा उन्हाळा ही मर्यादा सकाळीच ओलांडतो. आमचे यंत्र लेखनास उत्तम, या कामास अपुरे, हे आम्ही मुकाट्याने मान्य केले. रात्री मुक्कामी तेच काम मोठ्या यंत्राने प्लगास जोडून ३५ मिनिटांत केले. त्याचे बळ खोटे नव्हते. मुलाच्या पायाबरोबर चालणारे नव्हते, एवढेच.

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी वहीत मांडणी केली. कामाचे दोन भाग पाडले. जागेवर करावयाचे: छायाचित्रे उतरविणे, राहिलेली बाजू शोधण्यापुरती ढोबळ जुळणी, नोंदी. बैठकीचे: पूर्ण बारकाव्याची प्रतिकृती, जिला सहासात तासही लागतात. मंडळींच्या कचेरीत मोठा टेबलावरचा संगणक आहे, दुसरा भाग तेथे होऊ शकतो; हे विचारून घ्यावे असे पुतण्यास तोवर सुचलेच नव्हते. त्याने कलबुर्गीहूनच दूरध्वनी केला आणि होकार मिळाला. एका प्रश्नाने ओझे निम्मे झाले.

मग यंत्राचे गुण ठरले. पडदा १४ इंचांचा. त्याहून लहानावर आराखडे दिसत नाहीत, मोठा पिशवीस जड. पडदा चकचकीत नसावा व ४०० निटांपर्यंत उजळ व्हावा, म्हणजे ओसरीत वाचता येईल. आत पंखा हवाच, पण प्रोसेसर मध्यम भूक असलेला. येथे दुकानात फसगत होते. एकाच नावाच्या पुढे निरनिराळी अक्षरे असतात. इंटेलच्या अनेक पिढ्यांत 'यू' अक्षराचे प्रोसेसर १५ वॅटांच्या आसपासचे, तर 'एच' अक्षराचे ४५ वॅटांचे. म्हणून नाव न पाहता वॅट विचारावेत. २०२० पासून ॲपलने व २०२४ पासून क्वालकॉमच्या प्रोसेसरांनी कमी विजेत पुष्कळ काम होते हे दाखवून दिले आहे. परंतु आपली विशिष्ट आज्ञावली त्यांवर चालते की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे. पुतण्याची चालत नव्हती.

स्मृती, म्हणजे रॅम, १६ जीबी. पुष्कळ पातळ यंत्रांत ती पाटीवर डाख देऊन बसविलेली असते व मागाहून वाढविता येत नाही, म्हणून आणखी घालण्याची खाच आहे का ते पाहावे. साठवण एसएसडीची, तिच्यात फिरणारी तबकडी नसल्याने रस्त्याचे हादरे तिला बाधत नाहीत. बॅटरी ७० वॅट-तासांची. चार्जर टाइप-सी पद्धतीचा ६५ वॅटचा. तोच फोनलाही चालतो, आणि तशाच शक्तीच्या पॉवर बँकेतून माळावरही यंत्र भरता येते. शेवटची गोष्ट म्हणजे दुरुस्तीचे केंद्र कलबुर्गी किंवा हैदराबाद येथे असावे. काळ्या जमिनीची धूळ पंख्याच्या जाळीत बसते. वर्षातून एकदा ती काढून घ्यावी लागणारच.

घरी आल्यावर बंधूंनी एक शंका काढली. "जुन्या बाजारात पंचवीस हजारांत मिळते म्हणतात, ते का नको?" प्रश्न रास्त होता. कचेऱ्यांतून बाहेर पडलेली जुनी यंत्रे पुष्कळदा मजबूत असतात आणि विद्यार्थ्यास वा हिशेबास ती चांगली पुरतात. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा लागतो. स्वस्त यंत्र घेताना ही पिढी पाहिली नाही, तर घेतलेली वस्तू पहिल्या दिवसापासूनच म्हातारी. शिवाय जुन्या बॅटरीचे आयुष्य सरत आलेले असते, आणि पुतण्याचे सारे अडले होते ते बॅटरीपाशीच.

पंधरा दिवसांनी नवे यंत्र आले. किंमत ८२,००० रुपये. बंधूंनी ते उघडण्यापूर्वीच पारड्यात ठेवले: १ किलो ३८० ग्रॅम. चार्जर २७० ग्रॅम. पिशवी व वायरींसह काटा २ किलो २०० वर थांबला. उरलेले ८,००० रुपये त्यांनी पुन्हा पेटीत ठेविले. पंप पुढील वर्षावर गेला आहे; मुलाने पहिल्या पगारापासून दरमहा रक्कम पाठविण्याचे कबूल केले आहे. एक लाख दहा हजारांचे यंत्र घेतले असते, तर वीस हजारांचे कर्ज वर चढले असते, हे तो आता आपण होऊन सांगतो.

गेल्या आठवड्यात त्याचा दूरध्वनी आला तेव्हा तो आळंद तालुक्यात होता. एका पडक्या मठाच्या ओट्यावर बसून त्याने दुपारी जुळणी केली, एक बाजू राहिलेली दिसली, आणि उठून तेथल्या तेथे ती छायाचित्रे घेतली. सायंकाळी बॅटरी २२ टक्के शिल्लक होती, असे त्याने मोठ्या अभिमानाने वडिलांस सांगितले. बंधूंस टक्क्यांतील फारसे उमगले नसावे. त्यांनी विचारले ते एवढेच:

"खांदा दुखत नाही ना?"

"नाही, बाबा."

बंधूंनी दूरध्वनी आमच्या हाती दिला आणि ते दुधी तोलावयास तराजूकडे वळले.